सरकार वगळून न्याय

इंग्रजी राज्याचा जमाखर्च मांडताना बहुतेक रकाने आपण आता नीट भरतो. रेल्वे फौजेसाठी आणि कापसासाठी घातली, शाळा कारकुनांसाठी काढल्या, जमीन मोजली ती साऱ्यासाठी. एवढे शाळकरी पोरही सांगते. एकाच रकान्यापाशी हात थबकतो आणि मग माणसे म्हणतात, ‘काही म्हणा, कायद्याचे राज्य त्यांनीच आणले.’ यावर उत्तर म्हणून जे वाक्य फेकले जाते तेही तितकेच गुळगुळीत आहे : ‘आमच्या गावची पंचायत पाच माणसांत बसून न्याय करीत होती, इंग्रजांनी ती मोडली आणि परका, महागडा कायदा डोक्यावर आणून बसवला.’

दोन्ही मते मला उथळ वाटतात, आणि एकाच कारणाने. कायदा देशी की परका, एवढ्यावरच दोघांचे लक्ष खिळलेले आहे. त्या कोर्टात कोणाला खेचता येत होते आणि कोणाला येत नव्हते, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे : वसाहतकाळातल्या न्यायसुधारणांनी रयतेचे आपापसातले कज्जे तोडण्याची एक खरोखर शिस्तशीर यंत्रणा उभी केली, पण सरकारची स्वतःची कृती त्या यंत्रणेच्या कक्षेबाहेर राहील, याची काळजी जवळपास प्रत्येक टप्प्यावर घेतली गेली. ही कसर अनवधानाने राहिलेली नाही. सुधारणेच्या आराखड्यातच ती होती, आणि आपण आराखड्यासकट ती वारसा म्हणून घेतली आहे.

हे तपासायला मद्राससारखे दुसरे ठिकाण नाही. कंपनीच्या तीन इलाख्यांतली ही सर्वांत जुनी पेठ. इंग्रजी न्यायाचा प्रत्येक प्रयोग इथे झाला किंवा इथूनच सुरू झाला. आणि या गोष्टीतला सर्वांत बोलका खटला एका मराठी राणीचा आहे, जिचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही.

१. व्यापाऱ्यावर दावा लागतो, राजावर नाही

१६३९ मध्ये कंपनीला मद्रासची जागा मिळाली तेव्हा ती निव्वळ व्यापारी होती. काळ्या वस्तीतल्या किरकोळ भांडणांसाठी चावडी, गोऱ्यांसाठी गव्हर्नर आणि त्याचे मंडळ, अशी घरगुती व्यवस्था होती. १६८८ मध्ये मेयरचे कोर्ट आले. १७२६ च्या सनदेने ते राजाच्या नावाने चालू लागले आणि मुंबई-कलकत्त्यालाही तसेच मिळाले. १७५३ ची सनद मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिने कंपनीवर दावा लावण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आणि त्याच कागदावर मेयरची निवड व आल्डरमनांची नेमणूक गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाच्या हाती सोपवली. दावा खुशाल लावा, न्यायाधीश आम्ही नेमू.

तरीही व्यापारी म्हणून कंपनी उत्तर द्यायला बांधलेली होती, हे खरे. उधारी बुडवली, माल नासवला, करार मोडला, तर तिला कोर्टात उभे करता येई. अडचण आली ती कंपनी राज्य करू लागल्यावर. अर्काटचा नवाब महंमद अली याचे कंपनीशी पैशांचे आणि मुलखाचे लांबलचक हिशेब होते. त्याने लंडनच्या चॅन्सरी कोर्टात कंपनीवर दावा लावला. १७९३ मध्ये तो फेटाळला गेला : हे दोन राज्यकर्त्यांमधले राजकीय करार आहेत, कोर्टाने त्यात पडायचे नाही. एकाच देहात व्यापारी आणि राजा नांदत असतील तर कोणता कधी पुढे करायचा, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपनीला या निकालाने मिळवून दिले.

पुढे मद्रासला १७९८ मध्ये रेकॉर्डरचे कोर्ट आणि १८०१ मध्ये सुप्रीम कोर्ट आले. ही राजाची कोर्टे, कंपनीची नव्हेत. न्यायाधीश विलायतेहून येणारे बॅरिस्टर. सर टॉमस स्ट्रेंज हे पहिले मुख्य न्यायाधीश. अशी कोर्टे सरकारला आडवी गेली तर काय होते याचा धडा मुंबईत मिळाला. मोरो रघुनाथ या पुण्याच्या मुलाला त्याच्या चुलत आजोबाच्या ताब्यातून कोर्टापुढे हजर करावे, असा हुकूम १८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर माल्कमने हुकूम बजावूच दिला नाही. न्यायमूर्ती ग्रँट चिडले आणि १८२९ च्या एप्रिलात त्यांनी कोर्टालाच कुलूप ठोकले. प्रिव्ही कौन्सिलने कौल दिला सरकारच्या बाजूने : शहराबाहेरच्या देशी माणसांवर या कोर्टाचा असा अधिकार नाही.

२. मन्रोची पंचायत आणि कलेक्टरची मूठ

देशी पंचायतीबद्दल हळहळणाऱ्यांनी मद्रासचे १८१६ हे वर्ष नीट वाचावे. कॉर्नवॉलिसच्या बंगाली घडीप्रमाणे १८०२ पासून मद्रास इलाख्यात जिल्हा न्यायाधीश वेगळा आणि कलेक्टर वेगळा, अशी रचना आली होती. ती महाग होती, संथ होती, खटले तुंबत होते. तिच्यावर कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो याने केलेली टीका बिनबुडाची नव्हती. १८१६ च्या नियमावल्यांनी गावच्या पाटलाला मुनसफीचे अधिकार मिळाले, पंचायतींना मान्यता मिळाली, देशी जिल्हा मुनसफ नेमले गेले. हे सगळे ‘या देशाच्या रीतीप्रमाणे’ म्हणून. त्याच घासात आणखी एक गोष्ट झाली : मॅजिस्ट्रेटचे अधिकार आणि पोलीस न्यायाधीशाकडून काढून कलेक्टरकडे दिले. त्याच्या हाताखालचा तहसीलदार आता सारा वसूल करणारा आणि पोलिसांचा वरिष्ठ, दोन्ही झाला.

देशीपणाचे गोड आवरण पंचायतीला. सत्ता गेली कलेक्टरकडे. लोक तर त्या पंचायतींकडे फारसे फिरकलेच नाहीत, त्यांनी आपले दावे जिल्हा मुनसफांकडे नेले. दख्खनमध्ये एल्फिन्स्टननेही पंचायतीवर भिस्त ठेवून पाहिली होती. तिथेही ती टिकली नाही. परंपरेचे पुनरुज्जीवन आणि अधिकारांचे केंद्रीकरण एकाच हुकुमाने होऊ शकते, हे मन्रोपासून शिकण्यासारखे आहे. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. रयतेबद्दल त्याला कळकळ होती, तिच्या हाती सरकारविरुद्धचे हत्यार द्यावे असे मात्र त्याला वाटले नाही.

३. किट्टी, तहसीलदार आणि १८५५ चा अहवाल

या रचनेची फळे चाळीस वर्षांनी उघडी पडली. मद्रासचे व्यापारी आणि ‘क्रेसेंट’ पत्राचे संस्थापक गाझुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या नेटाने पार्लमेंटचे सभासद डॅन्बी सेमूर इलाख्यात फिरले, आणि सारावसुलीसाठी रयतेचा छळ होतो हा विषय जुलै १८५४ मध्ये कॉमन्स सभेत गाजला. कंपनीला चौकशी नेमावी लागली. ई. एफ. एलियट, एच. स्टोक्स आणि बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन असे तिघे. जवळजवळ दोन हजार तक्रारी आल्या. कित्येक जण शेकडो मैल तुडवीत मद्रासला स्वतः सांगायला आले.

अहवालात वर्णिलेले प्रकार वाचवत नाहीत, पण एक-दोन सांगायला हवेत. किट्टी म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या. त्यांच्यात हाताची बोटे घालून माणूस असह्य होऊन कबूल होईपर्यंत दाबायची. दुसरा प्रकार दोरीचा : मान वाकवून पायाच्या अंगठ्याशी बांधायची, पाठीवर दगड ठेवायचा आणि उन्हात तसेच उभे करायचे. सारा थकला म्हणून हे. चोरीची कबुली हवी म्हणूनही हेच. आणि दाद मागायची कोणाकडे? ज्याच्या हुकुमाने किट्टी आवळली त्याच तहसीलदाराकडे, किंवा त्याच्या अहवालावर विसंबणाऱ्या कलेक्टरकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या, ही म्हण इथे अलंकार म्हणून वापरावी लागत नाही.

कार्ल मार्क्सने १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात याच अहवालाच्या आधारे लेख लिहिला, कारण उठावातल्या हिंदी क्रौर्याच्या बातम्यांनी विलायत तेव्हा पेटली होती. पण अहवालाचा निष्कर्ष कोणावर ठपका ठेवतो ते पाहा. छळ आहे, तो सार्वत्रिक आहे. मात्र तो देशी नोकरांचा दुर्गुण. गोऱ्या अधिकाऱ्यांची त्याला संमती नव्हती. रयतेची ओरडही आपल्याच देशबांधवांच्या जाचाविरुद्ध आहे, युरोपियनांविरुद्ध नाही. सारा किती, कोणत्या दराने, दुष्काळातही का, हा प्रश्न आयोगाने मुळाशी नेलाच नाही. किट्टी आवळणारा हात दिसला, मागणीचा आकडा दिसला नाही.

सुधारणा झाली हे नाकारून चालणार नाही. मद्रासमध्ये १८५९ च्या कायद्याने पोलीस महसुलापासून वेगळे केले गेले आणि १८६१ च्या अखिल भारतीय पोलीस कायद्याला तो नमुना ठरला. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात आला. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो आहे. आरोपीला मिळालेले ते खरेखुरे कवच आहे. पण त्याची जात ओळखायला हवी. छळाने मिळवलेली कबुली कोर्ट वाचणार नाही, एवढेच तो नियम सांगतो. ज्याचा छळ झाला त्याला सरकारकडून काही वसूल करता येईल, असे तो कुठेही म्हणत नाही.

४. शास्त्रार्थाची चैन

हीच कोर्टे भाऊबंदकीत शिरली की त्यांचे रूप बदलते. दत्तक, वाटणी, विधवेचा हक्क, स्त्रीधन या प्रश्नांवर मद्रासच्या न्यायाधीशांनी जी विद्वत्ता खर्ची घातली तिला तोड नाही. स्ट्रेंजने निवृत्तीनंतर १८२५ मध्ये हिंदू कायद्यावर ग्रंथ लिहिला. मद्रासमधला कंपनीचा अधिकारी एलिस याने दक्षिणेचे प्रमाणग्रंथ बंगालपेक्षा वेगळे आहेत हे दाखवले. तंजावरचे जिल्हा न्यायाधीश बर्नेल यांनी धर्मशास्त्राच्या पोथ्या भाषांतरित केल्या आणि मराठी राजांच्या सरस्वती महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये छापली; आजही तिच्यावाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. या विद्वत्तेवर टीकाही झाली. मदुरेत नोकरी केलेल्या जे. एच. नेल्सनने १८७७ मध्ये मद्रास हायकोर्टाला बजावले की कुणब्या-कारागिरांच्या तमिळ जातींवर तुम्ही मिताक्षरा ही पोथी लादता आहात, जिचे नावही त्यांनी ऐकलेले नाही. न्यायमूर्ती इनिस यांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. रूढी की पोथी हा तो वाद. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने रूढीला आधीच मान दिला होता, त्यामुळे आपल्याकडे तो तितका पेटला नाही.

या विद्वत्तेला मर्यादा कुठे पडते, हे दाखवणारा एक प्रश्न आहे : एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो का? १७८७ मध्ये तंजावरच्या तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले. सरफोजी एकुलते एक, आणि वयानेही वाढलेले. मद्रासच्या गव्हर्नरने पंडित बसवले. त्यांनी दत्तक अशास्त्रीय ठरवले आणि अमरसिंह गादीवर आले. पुढे अमरसिंह नकोसे झाले, तेव्हा दुसऱ्या पंडितांची मते मागवली गेली; त्यांनी दत्तक सशास्त्र ठरवले. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले आणि पुढच्याच वर्षी तहावर सही करून त्यांनी राज्य कंपनीच्या हवाली केले. हाच प्रश्न सामान्य कुटुंबांत उभा राहिला तेव्हा मुंबई हायकोर्टाने १८८९ मध्ये असे दत्तक रद्द ठरवले, मद्रासचा कल उलट होता, आणि १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मद्रास व अलाहाबादची अपिले एकत्र ऐकून, वचनावर वचन तोलून ते वैध धरले. रामा-गोविंदाच्या वाटणीत शास्त्राचा अर्थ लावायला एवढा खल. राज्याचा प्रश्न आला तेव्हा पंडित बदलले की शास्त्र बदलत होते.

५. कामाक्षीबाईंचा दावा

आता मुख्य खटला. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. मागे मुली आणि पंधरावर राण्या. राज्य १७९९ सालीच गेले होते. उरला होता किल्ला, वाडा, पदवी, नेमणूक आणि घराण्याची खाजगी मालमत्ता : दागदागिने, जमिनी, रोकड. गादी संपली असे कंपनीच्या डायरेक्टरांनी ठरवले. १८ ऑक्टोबर १८५६ ला फोर्ब्स नावाचा अधिकारी शिपाई घेऊन वाड्यात शिरला, दालनांना कुलपे ठोकली, मोहरा लावल्या, पहारे बसवले. सरकारी कोणते आणि खाजगी कोणते असा भेद त्याने केला नाही.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी काय केले? मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते : राज्य घ्यायचे तर घ्या, नवऱ्याची खाजगी मिळकत हिंदू कायद्याने विधवेची. त्यांच्या बाजूने उभे राहिले तेच नॉर्टन, जे वर्षभरापूर्वी छळाच्या चौकशीत बसले होते आणि ज्यांनी १८५३ मध्ये कंपनीच्या दिवाणी न्यायाधीशांच्या अज्ञानाचे वाभाडे काढणारे पुस्तक लिहिले होते. आणि राणी जिंकल्या. झाशी-सातारा-नागपूरची संस्थाने खालसा झालेली असताना, देशात उठावाची आग लागलेली असताना, एका मराठी विधवेने मद्रासच्या कोर्टात कंपनीविरुद्ध हुकूमनामा मिळवला. ‘कायद्याचे राज्य’वाल्यांनी खरे तर याच क्षणाचा पुतळा उभारायला हवा होता.

अपील प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. तोवर कंपनी जाऊन इंग्लंडच्या राणीचे राज्य आले होते, म्हणून अपिलात सरकार पक्षाचे नाव भारतमंत्री. जुलै १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल सांगितला आणि हुकूमनामा फिरवला. कारण असे : फोर्ब्सने मालमत्ता घेतली ती कोणत्याही कायदेशीर हक्काच्या दाव्याखाली घेतली नाही, राज्यसत्ता म्हणून, बळाने घेतली. वकिलांच्या भाषेत हा ‘ॲक्ट ऑफ स्टेट’. अशी कृती न्याय्य की अन्याय्य, शहाणपणाची की घातक, हे बोलण्याचा अधिकार कोर्टाला नाही.

या तर्काची गती दोनदा वाचावी. ‘कायद्याने हे आमचे आहे’ असे सरकार म्हणाले असते, तर कोर्ट तो कायदा तपासू शकले असते आणि बहुधा राणीच जिंकली असती. ‘आम्ही घेतले, कारण आम्ही घेऊ शकतो’ असे म्हटल्यावर कोर्टाचे हात बांधले गेले. म्हणजे सरकार कायद्याच्या जितके जवळ राहील तितके ते पकडीत येते, आणि कायदा जितका उघडपणे झुगारील तितके सुरक्षित होते. जुलमी राजे सगळ्या देशांत झाले. पण जुलमाला कोर्टाच्याच तोंडून अभय देणारी ही रचना अस्सल न्यायसुधारणेची आहे.

शेपूटही ऐकण्यासारखे आहे. १८६२ मध्ये मद्रास सरकारने मेहेरबानी म्हणून ती मालमत्ता राण्यांना परत केली. हक्क नाही म्हणून सांगितलेली वस्तू दान म्हणून मिळाली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत मिळून मद्रास हायकोर्ट झाले. मग दुसऱ्या राणी जिजाईअंबाबाई आणि कामाक्षीबाई यांच्यात त्या मिळकतीवरून वाद लागला, आणि १८६८ मध्ये हायकोर्टाने तो अतिशय काटेकोरपणे सोडवला : सवतींचा हक्क समाईक कसा, एकीच्या पश्चात दुसरीकडे कसा जातो, सगळे शास्त्राधारे. सरकारविरुद्ध जे दार बंद होते ते राण्यांना एकमेकींविरुद्ध सताड उघडे होते.

६. मद्रासनेच पाडलेली एक फट

भिंत अगदीच चिरेबंदी नव्हती. मुंबईहून मीठ भरून मद्रास इलाख्यातल्या बंदराकडे जहाजे निघाली. ती वाटेत असताना मिठावरचा कर वाढला आणि व्यापाऱ्याकडून वाढीव कर वसूल झाला. भारतमंत्री विरुद्ध हरी भानजी या १८८२ च्या खटल्यात मुख्य न्यायाधीश टर्नर यांच्या पीठाने म्हटले की ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ ही ढाल सरकारला आपल्याच प्रजेविरुद्ध, कायद्याच्या नावाने केलेल्या वसुलीत वापरता येणार नाही. सार्वभौम सत्ता वापरली एवढ्यावर दावा बाद होत नाही. हा विचार स्वच्छ आणि पुढचा होता.

पण कलकत्त्याच्या कोर्टाचा एक जुना निकाल जास्त सोयीचा ठरला. सरकारी गोदीतल्या मजुरांच्या हलगर्जीमुळे पी. अँड ओ. कंपनीचा घोडा जखमी झाला होता. १८६१ मध्ये भरपाई मिळाली, कारण गोदी चालवणे हे व्यापाऱ्यालाही जमणारे काम. मात्र जाता जाता न्यायमूर्ती पीकॉक म्हणून गेले की काम सार्वभौम असते तर दावा टिकला नसता. घोड्याच्या दुखापतीतून निघालेले हे ‘जाता जाता’ मद्रासच्या विचारावर मात करून बसले.

७. हे सगळे संपले का?

संविधानाचा अनुच्छेद ३०० उघडा. सरकारवर दावा कोणत्या बाबतीत लागेल? संसदेने किंवा विधिमंडळाने वेगळा कायदा करेपर्यंत, पूर्वीच्या सरकारवर लागला असता त्याच बाबतीत. ते पूर्वीचे सरकार १९३५ च्या कायद्याकडे बोट दाखवते, तो १९१५ च्या, तो १८५८ च्या, आणि १८५८ चा कायदा कंपनीकडे. नागरिकाचा हक्क अजून कंपनीवर दावा लावणाऱ्याइतकाच.

फाळणीच्या धामधुमीत, सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले. ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली : अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांना तो स्वतःलाही रुचलेला दिसत नाही. कायदा करा असे त्यांनी विधिमंडळांना सुचवले. दीवदमणमध्ये पोर्तुगीज अंमलाच्या अखेरीस मिळालेल्या आयात परवान्यांचे काय, हा प्रश्न पेमा छीबर खटल्यात आला. नव्या सत्तेने मान्य केल्याशिवाय जुन्या सत्तेखालचा हक्क कोर्टात मागता येत नाही, असे उत्तर मिळाले. तंजावरची कुलपे १९६१ मध्ये मुक्त झालेल्या मुलखालाही लागली.

८. आक्षेप

पहिला आक्षेप : इंग्लंडातही ‘राजा चुकत नाही’ हेच तत्त्व होते, मग वसाहतीचा वेगळा दोष काय? फरक असा की तिथल्या प्रजेला राजाकडे हक्काचा अर्ज करून मिळकतीचा दावा चालवता येई. आणि आपल्याच प्रजेविरुद्ध ‘राज्याची गरज’ ही सबब इंग्लिश कोर्टाने १७६५ मध्येच झिडकारली होती. १९४७ मध्ये इंग्लंडने नवा कायदा करून सरकारला दाव्यांसाठी खुले केले. आपण त्यानंतर तीन वर्षांनी संविधान अमलात आणले आणि कंपनीकालीन वाक्य जपून ठेवले.

दुसरा, जास्त वजनाचा : देशी राजवटीत तरी राजाला कोण जाब विचारत होते? कोणी नाही, आणि म्हणूनच मला पंचायतीचा उमाळा येत नाही. शिवकाल-पेशवाईतल्या गोतसभेने वतनाचे तंटे निष्ठेने तोडले. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे शुल्क आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड घेऊन मोकळे होई. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची हकीकत आपण अभिमानाने सांगतो, पण पद सोडून पुणे सोडावे लागले शास्त्र्यांना. इंग्रजांनी हे बदलले असा दावा असेल तर तो तपासायलाच हवा, आणि तपासला की टिकत नाही.

तिसरा : देशी वकील आणि न्यायाधीशांनी याच कोर्टांतून स्वातंत्र्याची भाषा घडवली. अगदी बरोबर. टी. मुत्तुस्वामी अय्यर १८७७ मध्ये मद्रास हायकोर्टात बसणारे पहिले भारतीय झाले; वकिलांची ती पिढी नसती तर संविधानाचा मसुदा लिहायला माणसे मिळाली नसती. पण जमेचा हा आकडा कोणाच्या खात्यावर लिहायचा? लक्ष्मीनरसू चेट्टींनी खर्च सोसला, कामाक्षीबाईंनी दावा लावला, पायी आलेल्या रयतेने साक्ष दिली. सुधारणा आल्या त्या या माणसांनी दारे ढकलली म्हणून.

चौथा : आता रिट आहे, भरपाई आहे. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल भरपाई देऊन सार्वभौम ढाल मूलभूत हक्कांपुढे चालणार नाही असे सांगितले. हे मोठेच पाऊल आहे. तरी ती भरपाई पीठाच्या मर्जीवर आणि तथ्ये किती निर्विवाद आहेत यावर अवलंबून असते; ठरलेला दर नाही, ठरलेली मुदत नाही. तमिळनाडूतल्या साथानकुळम ठाण्याच्या कोठडीतल्या मारहाणीने २०२० मध्ये बाप-लेकाचा मृत्यू झाला. मदुरै खंडपीठाने स्वतःहून लक्ष घातले, चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यालाच पोलिसांनी ठाण्यात दमदाटी केली, आणि त्यानंतर कुठे चक्र फिरले. प्रत्येक ठाण्यामागे एक जागरूक खंडपीठ उभे करता येत नाही.

विधि आयोगाने, सेटलवाड अध्यक्ष असताना, १९५६ मध्येच आपल्या पहिल्या अहवालात सरकारच्या दायित्वाचा कायदा सुचवला. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली आणि विरली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. २०१० चे छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत होऊनही व्यपगत झाले. लागते ते फार नाही. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या नुकसानीला सरकार खाजगी मालकाइतकेच जबाबदार राहील. काम ‘सार्वभौम’ होते ही सबब चालणार नाही. कोठडीत इजा झाली तर ती कशी झाली हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर राहील. अनुच्छेद ३०० मध्ये ‘कायदा करेपर्यंत’ हे शब्द आहेतच, त्यामुळे यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. संसदेचे साधे बहुमत पुरते, आणि गेल्या सत्तर वर्षांत बहुमते काही कमी आली नाहीत.